तीन वेळचं सार

नाबे बेट, ११ मार्च २००६

इनसुक पोरी,

हे पत्र मी स्वतःच्या हाताने लिहितेय. हसू नकोस. हो, मीच, तुझी सासू कांग माकसुन, वय अडुसष्ट. टपालवाल्याने कागद पुढे केला की दुसऱ्याचं तोंड बघणारी. हिवाळाभर गावच्या सभागृहात शाळेच्या बाई आम्हा म्हाताऱ्यांना अक्षरं शिकवत होत्या. परीक्षासुद्धा झाली. त्या दिवशी सकाळी मियोकचं सार प्यायले नाही. त्या बुळबुळीत शेवाळावरून घसरून नापास व्हायची भीती! जन्मात पहिल्यांदा ते चुकवलं असेल. पास झाले. शेजारची दुशिकची आई पिऊन आली होती, तीही पास झाली म्हणा.

फोनवर मला ढिम्म ऐकू येत नाही. खडकांवर लाटांचे तडाखे खाऊन खाऊन कान गेले. तू तिकडून ओरडतेस, मी हो हो म्हणते, आणि ठेवल्यावर दुशिकची आई विचारते, काय म्हणाली गं सून? मला काय कप्पाळ कळलेलं असतं! आता लिहीत जा. सावकाश वाचेन, पण वाचेन.

सोबत मियोकचं गाठोडं पाठवलंय. बाजारातलं लागवडीचं नव्हे, आपल्या वाट्याच्या खडकावरचं. हाडं उकळून त्यात टाक, तासभर शिजू दे. बाई बाळंत झाली की हेच पिते, कारण याने रक्त शुद्ध होतं आणि पोट गरम राहतं. मग आधीपासून प्यायलं तर काय वाईट? तुमच्या लग्नाला सहा वर्षं झाली. मी काही विचारत नाही. तेग्यूने बजावलंय, आई, तिला विचारू नकोस. म्हणून नाही विचारत.

पण काही आहे का?

तुझी सासू

*

इंचॉन, ९ एप्रिल २००६

आई,

तुमचं पत्र मी आणि तेग्यूने जेवणाच्या टेबलावर बसून तीनदा वाचलं. तो पियानोच्या कारखान्यातून दमून येतो आणि जेवताना एक शब्द बोलत नाही, पण परवा नुसता हसत होता. म्हणाला, आईचं अक्षर तिच्या बोलण्यासारखंच आहे, पानाबाहेर जातंय.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. अजून काही नाही. पण का नाही, ते आता कळलंय. गेली दोन वर्षं मला सारखी थंडी वाजते. सगळे बाह्या सरसावून बसलेले असतात आणि मी स्वेटर घालून मुलांना अबॅकस शिकवते. केस मूठमूठ गळतात, सकाळी उठवत नाही. मला वाटायचं मी आळशी झालेय. शेवटी दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, गळ्यात थायरॉईडची ग्रंथी असते, तुमची फार मंद चालते. ती मंद म्हणून अंगातलं सगळंच मंद. पाळी अनियमित आहे ती त्यामुळेच, आणि दिवस राहत नाहीत त्यामागेही हे असू शकतं. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घ्यायची. ग्रंथी मंद असली की रक्ततपासणीतला तिचा आकडा वर जातो, तो खाली आला की आशा आहे.

आई, मी घरी येऊन रडले. दुःखाने नाही. माझ्यात काहीतरी मोडलंय आणि त्याला नाव आहे, एवढ्यानेच बरं वाटलं.

गावात मात्र कुणाला सांगू नका. लोक म्हणतील, माकसुनने रोगट सून आणली.

तुमचं सार करते. घरभर समुद्राचा वास सुटतो.

इनसुक

*

नाबे बेट, २० मे २००६

अगं पोरी,

गळ्याचा आणि गर्भाचा संबंध काय गं? तुझं पत्र वाचून मी गळा चाचपत बसले. माझा तर कायमचाच फुगलेला आहे. या बेटावरच्या निम्म्या बायकांचा आहे. आम्ही त्याला वयाचा गळा म्हणतो. असो, तुमच्या डॉक्टरबाई शिकलेल्या आहेत.

मी कुणाला सांगितलं नाही, शपथ. पण जिन्दोला बोटीने गेले होते तेव्हा औषधाच्या दुकानदाराला विचारलं. माझ्या मैत्रिणीच्या सुनेला असं असं आहे म्हटलं. तो म्हणाला, आजी, गळ्याच्या दुखण्याला समुद्रातलं शेवाळ चांगलं, डोंगरातल्या लोकांना ते मिळत नाही म्हणून त्यांचे गळे सुजतात. बघ! म्हणजे औषध आपल्या दारात आणि सून आजारी. म्हणजे गळा काय आणि गर्भ काय, दोन्हींवर हेच. मी त्याला म्हटलं, तुझ्या तोंडात मध पडो.

तर आता एकदा नाही, तीन वेळा पी. सकाळी, दुपारी, रात्री. शिकवणीला जाताना थर्मासमध्ये ने. आळस करू नकोस. मी आणखी पाठवतेय. जुलैत कुणी कोणत्या खडकावरचं कापायचं याच्या चिठ्ठ्या निघतील, यंदा मला पूर्वेकडचा खडक मिळू दे म्हणून सामसिन आजीपुढे पाणी ठेवते रोज पहाटे. पोरं देणारी देवी तीच. तिच्याकडे खडक कशाला मागायचा म्हणतेस? माझं आणि तिचं जुनं आहे, ती समजून घेते.

गोळी पण घे. गोळीने काही बिघडत नाही.

तुझी सासू

*

इंचॉन, २४ सप्टेंबर २००६

आई,

बसून वाचा. बसलात?

दिवस राहिलेत.

दोन महिने होत आले. आधी लिहिलं नाही, दृष्ट लागेल म्हणून. तेग्यू तर घरात पाय न वाजवता चालतो, जणू बाळ झोपलंय. काल त्याने कारखान्यातून पियानोची एक मोडकी पट्टी आणली आणि माझ्या उशाशी ठेवली. म्हटलं हे काय? म्हणाला, खेळणं. आई, तुमचा मुलगा वेडा आहे.

डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं. ग्रंथीचा आकडा खाली यायचा तो उलट वर गेलाय. त्या म्हणाल्या, गर्भारपणात होतं असं, गोळी वाढवू. वाढवलीय. प्रवास मात्र करायचा नाही, त्यामुळे चुसोकच्या सणाला आम्ही येणार नाही. पितरांच्या पूजेला तुम्ही एकट्याच, याचं वाईट वाटतं. तेग्यूच्या काकांना काहीतरी सांगा.

तुम्ही म्हणालात तसं तीन वेळा पितेय, एक वेळही चुकवलेली नाही. मळमळलं तरी पिते. बाकी काही पोटात राहत नाही, सार राहतं.

तुमची इनसुक

*

नाबे बेट, ८ ऑक्टोबर २००६

पोरी, माझ्या पोरी,

पत्र वाचलं आणि चुलीवरचं करपलं. करपू दे! दुशिकच्या आईने भिंतीवरून विचारलं, कसला वास गं? मी म्हटलं, जळतंय, जळू दे. ती म्हणाली हिला वेड लागलं. सांगितलं नाही हं तिला. ओठ दाबून ठेवलेत.

काकांना सांगितलं, सून पडली, पाय मुरगळला. पितरांना खरं सांगितलं. पूजेत तेग्यूच्या बाबांच्या नावाच्या पाटीपुढे मी कुजबुजले, ऐकलंत का हो, येतंय.

जुलैत पूर्वेचा खडक मिळालाच होता. त्यातलं सगळ्यात लांब, सगळ्यात काळंभोर मियोक मी बाळंतपणासाठी वेगळं काढलंय. विकताना याची घासाघीस करत नाहीत आणि हे दुमडत नाहीत, मोडत नाहीत. मोडलं तर बाळंतपण अवघड जातं. म्हणून आडव्या तुळईला अख्खं टांगलंय, खालून जाताना मी वाकून जाते. तोवर रोजचं दुसरं पाठवतेय. पीत राहा.

आता जड उचलू नकोस. हात उंच करून कपडे वाळत घालू नकोस. तेग्यूला घालू दे, त्याचे हात काही झडणार नाहीत.

आजी होणारी बाई

*

इंचॉन, १४ जानेवारी २००७

आई,

तेग्यूने दुशिकच्या आईकडे फोन करून तुम्हाला निरोप दिला होता. त्यामुळे तुम्हाला ठाऊक आहे.

मी बरी आहे. नोव्हेंबरच्या शेवटी झालं. मुलगा होता म्हणाले. मी विचारलं नव्हतं, नर्सनेच सांगितलं. दहा दिवस घरी होते, आता शिकवणी पुन्हा सुरू केलीय. मुलं आकडे मोजतात तेव्हा मला जरा बरं वाटतं.

तुम्ही पाठवलेलं मियोक मिळालं. बाळंतिणीसारखं प्यायला हवं, बाळ नसलं तरी अंग तेच असतं, हे तुम्ही सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंत, ती चिठ्ठी मी जपून ठेवलीय.

आई, एक विनंती. आता थोडे दिवस मियोक पाठवू नका. फ्लॅट लहान आहे, ठेवायला जागा नाही.

इनसुक

*

नाबे बेट, ३ मार्च २००७

पोरी,

जागा नाही म्हणे. वाळलेल्या मियोकला जागा किती लागते गं? पलंगाखाली ठेव, कपाटावर ठेव. मला कळतं, तुझं मन लागत नाही, काही शिजवावंसं वाटत नाही. पण हीच वेळ असते. आता पोट गरम ठेवलं नाहीस तर पुढचं कसं राहील? मला काहीच ठाऊक नाही असं समजू नकोस, मी यातून गेलेय. एकदा नाही.

पहाटे सामसिन आजीपुढे पाणी ठेवते आणि तिला शिव्या देते. दिलंस कशाला आणि नेलंस कशाला? पुन्हा पाया पडते. आपल्याला दुसरी आजी कुठून मिळणार?

सोबत दोन गाठोडी आहेत. थोडं थोडं, पण तीनदा.

तुझी सासू

*

इंचॉन, २७ मे २००७

आई,

गाठोडी मिळाली. हो, पितेय. तुम्ही काळजी करू नका. तुमच्या गुडघ्यांसाठी मलम पाठवलंय, रात्री लावत जा. तेग्यू ठीक आहे.

इनसुक

*

नाबे बेट, २ ऑक्टोबर २००७

सूनबाईंना,

दुशिकची आई चुसोकला मुलीकडे इंचॉनला आली होती, तुला ठाऊकच आहे. माझं गाठोडं तिने बोटीतून, गाडीतून मांडीवर धरून आणलं. तू चहा दिलास, फळं कापून दिलीस, छान बोललीस. ती हात धुवायला आत गेली तेव्हा गॅलरीत माझी आधीची सगळी गाठोडी एकावर एक रचलेली दिसली. दोरा न सोडलेली. माझ्या हातची गाठ तशीच.

ती गावभर सांगत सुटली नाही, एवढे तिचे उपकार. मलाच सांगितलं, बाजूला घेऊन. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पितेय म्हणून लिहिलंस. खोटं का लिहिलंस? भर उन्हाळ्यात, ओहोटी लागली की कमरेपर्यंत पाण्यात उतरून, निसरड्या खडकावर गुडघे टेकून मी ते कापते. मला सांग, कुणासाठी? मला आता किती लागतं? तुला मूल नको असेल तर तसं सांग. शिकवणी बरी वाटते, मोकळं फिरणं बरं वाटतं, शहरातल्या बायकांना हल्ली तसंच हवं असतं म्हणतात. पण मग एका म्हातारीला खेळवू नकोस. माझ्या सासूने मला बर्फपोटी, थंड पोटाची वांझ, म्हटलं होतं, मी तुला कधी तसं म्हटलं नाही. आज तोंडाशी आलंय.

तेग्यू माझा एकुलता एक आहे. त्याच्यानंतर आमच्या पितरांना पाणी कोण देणार, याचा विचार कर.

माकसुन

*

इंचॉन, १९ ऑक्टोबर २००७

आई,

तुम्ही मला बर्फपोटी म्हणू शकता. मी स्वतःला त्याहून वाईट म्हटलंय.

आता सगळं खरं लिहिते. तेग्यू म्हणतो लिहू नकोस, आईला सहन होणार नाही. पण तुम्ही मला मूल नको असं म्हणालात, आणि ते मला सहन होत नाही.

बाळ गेल्यावर डॉक्टरबाईंनी पुन्हा रक्त तपासलं. गोळी दोनदा वाढवूनही आकडा चढतच होता. त्या चिडल्या. म्हणाल्या, तुम्ही गोळ्या घेतच नाही आहात. मी म्हटलं, एकही चुकवली नाही. मग त्यांनी विचारलं, दिवसभरात काय काय खाता? मी सांगितलं, भात, किमची, मासे, कधी अंडं. त्या म्हणाल्या, आणखी? मी म्हटलं, आणखी काही नाही. आई, मी लपवलं नाही. कुणी काय खाता विचारलं तर पाणी पिते हे कुणी सांगतं का? सार मला तसंच वाटत होतं. उठले, जाता जाता थर्मास विसरले म्हणून परत आले. त्यांनी सहज विचारलं, कॉफी का? मी म्हटलं, नाही, मियोकचं सार, सासूबाई पाठवतात, तीन वेळा घेते, सात-आठ महिने झाले.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

त्या म्हणाल्या, गळ्यातल्या ग्रंथीला समुद्रातलं आयोडीन थोडं लागतंच. डोंगरातल्या लोकांना ते मिळत नाही म्हणून त्यांचे गळे सुजतात, हेही खरं. पण आपण डोंगरात राहत नाही. धडधाकट माणसाला रोजचं सार चालून जातं. जिची ग्रंथी आधीच दुबळी आहे तिच्यावर एवढा मारा झाला, तर ती काम करायचंच सोडून देते. मी विचारलं, बाळ त्यानेच गेलं का? त्या म्हणाल्या, तसं कुणीच छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही, अशी बाळं इतर कारणांनीही जातात. पण बंद करा, आजपासून.

बंद केलं. तीन महिन्यांत आकडा उतरला. मला घाम आला, आई, कित्येक वर्षांनी पहिल्यांदा घाम आला. आणि मी न्हाणीघरात बसून रडले, कारण मला कळलं की हे आधी होऊ शकलं असतं.

तुम्हाला कसं सांगणार होते? तुम्ही कमरेएवढ्या पाण्यात उतरून ते कापता. फेकवेना. कुणाला देववेना. म्हणून गॅलरीत ठेवलं. दोरा सोडला असता तर वास आला असता, आणि वास आला असता तर मी कोसळले असते.

खरं सांगू? मला तुमचा राग येतो. तीन वेळा पी म्हणालात. मळमळत असताना नाक दाबून प्यायले मी ते. आणि राग आला की लाज वाटते, कारण यात तुमची चूक शोधायला गेलं तर सापडत नाही. जिची चूक नाही तिच्यावर रागवायचं कसं, ते मला कुणी शिकवलेलं नाही.

मला मूल हवंय, आई. अजून हवंय. पुन्हा असं कधी लिहू नका.

इनसुक

*

इंचॉन, ११ फेब्रुवारी २००८

आई,

तुमचं काही आलं नाही. नव्या वर्षाला तेग्यू एकटा आला तेव्हा तुम्ही पत्राबद्दल अवाक्षर काढलं नाही, त्याला वाढलंत आणि लवकर झोपलात, एवढंच तो म्हणाला. मी आले नाही कारण काकू आणि सगळे विचारतात, अजून नाही का? ग्रंथीचे आकडे सरळ आहेत, डॉक्टरबाई खूश आहेत, दिवस मात्र राहत नाहीत. मी एकोणचाळीसची होईन.

दोन ओळी लिहा. शिव्या लिहिल्यात तरी चालेल.

इनसुक

*

नाबे बेट, १५ एप्रिल २००८

पोरी,

लिहायला बसायचे आणि अक्षरं आठवायची नाहीत. वर्गालाही गेले नाही हिवाळाभर. बाई घरी आल्या बघायला. म्हटलं डोळे दुखतात.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. पहिल्यांदा वाचून तुझाच राग आला. म्हटलं शहाणी मला शिकवते, अख्खं बेट पिढ्यान्‌पिढ्या पितंय आणि पोरंही होतायत. मग एक दिवस चुलीवर सार उकळत होतं. मी वाटी भरली आणि माझ्याने ती तोंडाला लाववेना.

तुला लिहिलं होतं, मी यातून गेलेय, एकदा नाही. नीट कधी सांगितलं नाही. तेग्यूच्या आधी माझी तीन गेली. पहिलं पाचव्या महिन्यात. दुसरं तसंच. तिसरं पूर्ण दिवसांचं, मुलगी, जन्मली ती रडलीच नाही. मला तेव्हाही थंडी वाजायची, भर उन्हात गोधडी घेऊन बसायचे. गळा असा फुगलेला. सासू म्हणायची, बर्फपोटी आहे, हिला आणखी सार द्या. परातीएवढी वाटी भरून पुढे ठेवायची आणि संपेपर्यंत समोर बसायची. दुष्ट नव्हती गं ती. तिलाही नातू हवा होता.

चाळीसहून जास्त वर्षं मी समजून चालले की सामसिन आजी माझ्यावर रुसली. रोज पहाटे पाणी ठेवून तिची समजूत काढली, भांडले, रडले. आता तू म्हणतेस ते वाटीत होतं. यातलं कोणतं परवडलं, मला कळत नाही. आजीशी निदान भांडता तरी येत होतं. वाटीशी काय भांडू?

तुझ्या डॉक्टरबाईंना एवढं विचार. माझी तीन त्यानेच गेली का? मी जे वाढलं ते तुला, आणि सासूने जे वाढलं ते मला, एकच का? गोड करून सांगू नकोस. तुला गोड लिहायची सवय आहे.

तू मला राग येतो म्हणालीस ते बरं केलंस. सहा महिन्यांत मला तेवढं एकच वाक्य खरं वाटलं.

तुझी सासू

*

इंचॉन, ११ मे २००८

आई,

विचारलं. डॉक्टरबाईंनी तुमचे महिने, थंडी, गळा, सगळं नीट विचारून घेतलं. मग म्हणाल्या, इतक्या वर्षांनी, रक्त न तपासता, कुणालाच सांगता येणार नाही. असू शकतं, नसूही शकतं. वर्णन ऐकून त्यांना वाटतं की तुमची ग्रंथी तेव्हापासूनच मंद असावी. पण ती कशाने मंद झाली आणि मुलं कशाने गेली, हे त्या सांगणार नाहीत.

घरी येताना मनात आलं, लिहावं की त्या ठाम नाही म्हणाल्या. तुम्ही गोड नको म्हणालात, म्हणून जसं आहे तसं लिहिलं.

एक मात्र करा. जिन्दोला जाऊन रक्त द्या. सुईचं एक टोचणं, बस्स. आणि तुमच्या तिसरीचं नाव ठेवलं होतं का? तेग्यूला विचारलं, त्याला ती होती हेच ठाऊक नाही.

माझं या महिन्यातही नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, आकडा सरळ आहे, आता वयाचा प्रश्न आहे. म्हणजे गेलेली वर्षं परत येत नाहीत. मी घरी येऊन भांडी घासली.

इनसुक

*

नाबे बेट, २२ सप्टेंबर २००८

पोरी,

तू चुसोकला आली नाहीस. मी रागावले नाही. तेग्यूने सांगितलं तुला आदल्या दिवशीच पाळी आली म्हणून. तो सांगताना चप्पल नीट लावत बसला होता. इथे काय घडलं ते तो तुला सांगणार नाही, बापाच्या वळणावर गेलाय. म्हणून मी सांगते.

रक्त दिलं. तिथला तरुण डॉक्टर कागद बघून म्हणाला, आजी, तुम्ही चालत आलात? आकडा एवढा होता. गोळी सुरू केली. यंदा उन्हाळ्यात मी पहिल्यांदा हातपंखा घेतला. सत्तरीत. चांगलं वाटलं आणि त्याचंच वाईट वाटलं.

मग मी सभागृहात सगळ्या बायकांसमोर सांगितलं. म्हटलं, ज्यांचा गळा फुगलाय, ज्यांना थंडी वाजते, ज्यांच्या घरात गर्भ टिकत नाही, त्यांनी रक्त तपासा आणि तोवर सार कमी करा. माझ्या सुनेत खोट नाही, मी तिला तीन वेळा पाजलं. मग ओरडायला लागल्या, माकसुन, जीभ आवर, गिऱ्हाइकाच्या कानावर गेलं तर आम्ही काय खायचं? यंदा खडकांच्या चिठ्ठ्यांत माझं नाव घातलं नाही. म्हणाल्या, तुला कशाला हवं विष. दुशिकची आई चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी मागच्या दाराने आली आणि विचारलं, गं, ती तपासणी कुठे करतात? तिच्या धाकट्या सुनेची दोन गेलीत. मला आजवर सांगितलं नव्हतं. भिंतीला भिंत लागून घर.

आता पूजेचं. पितरांचं ताट मांडलं, आणि त्याच्या शेजारी मी चार लहान वाट्या मांडल्या. नुसता भात. तेग्यूचे काका म्हणाले, वहिनी, हे कुणाचं? मी म्हटलं, माझी तीन आणि सुनेचं एक. ते म्हणाले, जन्मून जगली नाहीत त्यांना पूजेत जागा नसते, आजवर कुणी केलेलं नाही, हा पितरांचा अपमान आहे. मी म्हटलं, त्यांचीच नातवंडं आहेत, सरकून बसतील. काका उठून गेले. काकू मागोमाग. तेग्यू उभाच होता. मला वाटलं हाही जाईल. त्याने चारही वाट्यांपुढे वाकून नमस्कार केला, मग लहान पोरासारखा रडला, आणि मला म्हणाला, आई, इनसुकला सांगू नकोस.

मुलीचं नाव ठेवलं होतं. मनातल्या मनात. यंदा पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं. तू आलीस की तुला सांगेन, लिहवत नाही.

तुला पोर होईल की नाही, मला माहीत नाही. मी सामसिन आजीकडे मागणं बंद केलंय. तू डॉक्टरबाईंचं ऐक, आणि थांबावंसं वाटलं तर थांब. पितरांच्या पाण्याचं मी लिहिलं होतं, ते फाडून टाक.

पुढच्या सणाला ये. कुणी विचारलं, अजून नाही का, तर तू बोलायचं नाहीस, मी बोलेन.

तुझ्या बाळाच्या वाटीतला भात मी जास्त पाणी घालून मऊ शिजवला होता. सगळे दात आले नसते ना त्याला अजून.

तुझी आई